न निघालेला फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी ओळख कवी म्हणून करून दिली जाते आणि आज मी बोलणार आहे कॅमेऱ्यावर. हे गृहस्थ चुकून दुसऱ्याच मांडवात शिरले की काय, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या लग्नसराईपासून आमच्या घरात कवितेचं नाव कुणी काढलेलं नाही. बोलणं निघतं ते फुल फ्रेम आणि मिररलेसचं. याला कारण माझी भाची.

भाची नांदेडला राहते आणि लग्नाचे फोटो काढते. आमच्याकडच्या लग्नांत बायकांची बैठक वेगळी असते. तिथं पुरुष फोटोग्राफर आला की निम्म्या बायका उठून जातात आणि उरलेल्या तोंडावर दुपट्टा ओढून घेतात. त्यामुळे फोटो काढणारी मुलगी आहे म्हटलं की लांबून बोलावणं येतं. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, सगळीकडे ती जाते. आता तर हळदीच्या आणि डोहाळजेवणाच्या ऑर्डरीही तिला मिळतात. बायकांच्या कार्यक्रमात बाईच बरी, हे सगळ्याच घरांना पटलेलं आहे.

गेल्या वर्षी ती लातूरला माझ्याकडे आली. चहा झाला. मग पिशवीतून एक फॉर्म काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. पतसंस्थेच्या कर्जाचा होता. रक्कम चार लाख. घरात आम्ही दखनी बोलतो, पण तिचं म्हणणं मराठीत सांगायचं तर असं होतं, "मामू, फुल फ्रेम मिररलेस घ्यायचाय. जुन्या कॅमेऱ्यावर आता भागत नाही. तुम्ही जामीन राहा."

जामीन राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. एका पावसाळ्यानं दगा दिला की कर्ज घेणारा आणि जामीनदार एकाच रांगेत उभे राहतात. मी सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "बेटा, तुझ्या आताच्या कॅमेऱ्यानं निघालाच नाही असा फोटो कोणता? बरा आला नाही, तो नव्हे. निघालाच नाही, तो. असे तीन सांग. मग सहीचं बघू."

तिला राग आला. आठ हजार फोटोंची हार्ड डिस्क सोबत आणली होती, ती न दाखवताच नांदेडची बस धरून निघून गेली.

हा प्रश्न काही माझ्या हुशारीतून आलेला नव्हता. तो माझ्या चुकीतून आला होता. २०१० साली सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली, तेव्हा मी एक डीएसएलआर कॅमेरा घेतला. आपल्या भागातली लेणी, किल्ले यांचे फोटो काढायचे, असा बेत. पहिल्या रविवारी औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत गेलो. आत अंधार. सगळे फोटो वाळू सांडल्यासारखे दाणेदार आले. दुकानदारानं सांगितलं, "साहेब, तुमचा सेन्सर छोटा आहे. फुल फ्रेम घ्या." मी खरंच पैसे साठवू लागलो. दोन वर्षांनी माझे एक चित्रकला शिक्षक मित्र सोबत आले. त्यांनी कॅमेरा तिपाईवर चढवला, आयएसओ सगळ्यात खाली आणला आणि शटर दोन सेकंद उघडं ठेवलं. भिंतीवरची छिन्नीची घावणी न् घावणी दिसली. ते म्हणाले, "लेणं कुठं पळून जातंय का?" तिपाईला खर्च आला तीन हजार रुपये.

तेव्हापासून मी होट्टलच्या चालुक्यकालीन देवळांत गेलो, कंधारच्या किल्ल्यात गेलो. त्याच छोट्या सेन्सरवर माझं काम भागलं. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढतो, तेव्हा तर छोटा सेन्सर सोयीचाच पडतो. त्यावर तीनशे मिलिमीटरची लेन्स साडेचारशेसारखं दृश्य देते, घोडा जवळ येतो. तेवढाच जवळ फुल फ्रेमवर आणायचा तर मोठी, जड आणि महाग लेन्स हवी. म्हणजे जे हलत नाही किंवा जे भरदिवसा लांबून टिपायचं आहे, त्यासाठी माझ्यासारख्या हौशी माणसानं फुल फ्रेमच्या नादी लागायचं काही कारण नाही.

पण भाचीचं तसं नव्हतं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तीन फोटो तिनं सांगितले.

पहिला, मेंदीच्या रात्रीचा. जुन्या घरातली खोली, एक एलईडी बल्ब, वीस बायका, मधे नवरी. धाकटी बहीण धावत येऊन नवरीच्या गळ्यात पडली. फोटोत दोन पुसट डाग आले.

दुसरा, निकाहच्या वेळचा. वकील आणि साक्षीदार विचारायला येतात, नवरी खाली मान घालून "कबूल है" म्हणते. आवाज इतका बारीक की खोलीतल्या सगळ्यांचे श्वास थांबलेले असतात. भाचीनं बटण दाबलं आणि कॅमेऱ्याचा खटॅक असा आवाज झाला. नवरीच्या फूफीनं असं बघितलं की हिनं कॅमेरा खाली घेतला. नंतरचा एकही क्षण मिळाला नाही.

तिसरा, रुखसतीचा. रात्री अकरा वाजता गल्लीत आई मुलीला मिठी मारते. कॅमेऱ्यानं फोकस केला तो मागच्या दिव्यांच्या माळेवर. माळ स्पष्ट, मायलेकी धूसर.

मी म्हटलं, "आता ये. आता बोलू."

श्रोते हो, इथं थोडं यंत्राबद्दल सांगतो. कंपन्यांची नावं येतील, ती माहितीसाठी येतील. मी कुणाची जाहिरात करायला बसलेलो नाही.

फुल फ्रेम आणि मिररलेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात त्या एकाच दमात सांगितल्या जातात, म्हणून आपल्याला एक वाटतात.

फुल फ्रेम हे सेन्सरचं माप आहे. छत्तीस मिलिमीटर रुंद, चोवीस मिलिमीटर उंच. आपण ज्या रोलवर फोटो काढायचो, त्याच्या एका चौकटीचं हे माप. जर्मनीतल्या ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा बनवला आणि १९२५ साली तो लायका नावानं बाजारात आला, तिथून ते रूढ झालं. साध्या डीएसएलआरमधला सेन्सर याहून लहान, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा. त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. पावसात परात ठेवली आणि ताटली ठेवली तर परातीत जास्त पाणी जमेल. तसंच फुल फ्रेमवर सव्वादोन पटींहून थोडा जास्त प्रकाश जमतो. अंधारात दाणे कमी येतात, ते त्यामुळे.

आता हा हिशेब बघा. कॅमेऱ्यासोबत जी साधी झूम लेन्स येते, ती पुढे ओढली की एफ ५.६ च्या वर उघडत नाही. दहा-पंधरा हजारांची एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. म्हणजे सव्वादोन पटींसाठी दोन लाख आणि दहा पटींसाठी पंधरा हजार. अंधाराची तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्यानं आधी लेन्सच्या कपाटासमोर उभं राहावं, ते याच्यासाठी.

मिररलेस ही दुसरी गोष्ट. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. आपण भिंगातून बघतो ते त्या आरशातलं. बटण दाबलं की आरसा वर उडतो, तोच तो खटॅक आवाज. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सर जे बघतो, तेच डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर दिसतं. त्यामुळे फोटो काळा येणार की पांढरा, हे बटण दाबण्याआधी कळतं. फोकसही सेन्सरवरच होतो, म्हणून कॅमेरा माणसाचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतो. आणि शटर मुकं ठेवता येतं.

भाचीच्या तीन फोटोंना हे लावून पाहिलं. रुखसतीचा फोटो गेला फोकसमुळे आणि निकाहचा गेला आवाजामुळे. हे दोन्ही प्रश्न मिररलेसनं सुटतात, सेन्सर छोटा असला तरी. फुजी, सोनी, कॅनन, निकॉन सगळ्यांचे क्रॉप सेन्सरचे मिररलेस आहेत. फुल फ्रेमची गरज उरली ती मेंदीच्या खोलीसाठी. मी म्हटलं, "लेन्स बदल." ती म्हणाली, "मामू, एफ १.८ ची पन्नासची लेन्स माझ्याकडे आहेच. पण छोट्या सेन्सरवर ती पंचाहत्तरसारखी होते. दहा बाय बाराच्या खोलीत माझी पाठ भिंतीला लागते, तरी नवरी आणि बहीण एका चौकटीत मावत नाहीत. आणि बहीण पळतेय. तिला तिपाई काय करणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेणं पळत नाही, पण माणसं पळतात.

तरी फॉर्म मी कपाटातच ठेवला. म्हटलं, आधी भाड्यानं आणू. लातूरलाच तिची एक ऑर्डर होती, गंजगोलाईजवळच्या एका जुन्या घरात मेंदी आणि दुसऱ्या दिवशी शादीखान्यात निकाह. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फुल फ्रेम मिररलेस भाड्यानं घेतले. पैसे मी दिले. बॅगा उचलायचं कामही माझ्याकडेच आलं. बायकांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. दर अर्ध्या तासानं ती बाहेर यायची आणि काय कळलं ते सांगायची. मी कवितेच्या वहीत लिहून घ्यायचो.

पहिली नोंद आनंदाची. डोळ्यावरचा फोकस सुटत नव्हता. बहीण धावली, नाचली, तरी चेहरा स्पष्ट.

दुसरी नोंद दुःखाची. शटर मुकं केलं आणि फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. नवरीच्या कपाळावर एक, हनुवटीवर एक. याचं कारण असं, की मुक्या शटरमध्ये सेन्सर वरून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. उपाय आहे. शटरचा वेग एक-शतांश किंवा एक-पन्नासांश सेकंदावर ठेवला की पट्टे जवळजवळ जातात. पण मग हालचाल पुसट होते. २०२४ साली आलेल्या निकॉन झेड ६ थ्रीसारख्या काही मॉडेलांत सेन्सरचं वाचन बरंच वेगानं होतं, तिथं हा त्रास कमी. दुकानातल्या चांगल्या दिव्यांखाली हे दिसत नाही. ते दिसतं आपल्या घरच्या बल्बाखाली. म्हणून माझं सांगणं आहे, कॅमेरा दुकानात पारखू नका. जिथं काम करायचं, तिथं एक रात्र भाड्यानं नेऊन पारखा.

तिसरी नोंद बॅटरीची. रात्री नऊला दुसरी बॅटरी संपली. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायला वीज लागत नाही, इथं सतत पडदा चालू. ठरावीक चाचणीत निकॉनच्या डी ७५० या डीएसएलआरची बॅटरी १२३० फोटो चालते, तर त्याच कंपनीच्या २०१८ च्या झेड ६ ची पडद्यातून बघताना ३१० च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढतात आणि नंतरच्या मॉडेलांत सुधारणा झाली आहे. पण आपल्याकडे लग्नाच्या घरात वीज गेली तर चार्जर कुठं लावणार? तीन बॅटऱ्यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरायला हवा.

निकाहच्या दिवशी भाचीनं शटर मुकं ठेवलं, वेग एक-शतांशावर ठेवला. नवरी खाली बसलेली, स्थिर. फोटो निघाला. मला तो दाखवला नाही. दाखवायचा नसतोच. बाहेर येऊन फक्त म्हणाली, "मिळाला."

आता प्रश्न उरला कोणत्या कंपनीचा. या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. कॅमेऱ्याची बॉडी हा पाहुणा असतो, चार-पाच वर्षांनी जातो. खरी सोयरीक होते ती माउंटशी, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्याशी. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कड्यात बसत नाही. म्हणून बॉडीपेक्षा त्या घराण्यातल्या लेन्स बघाव्यात.

सोनीनं २०१३ साली ए ७ आणला, निकॉन आणि कॅननच्या पाच वर्षं आधी. त्यामुळे त्यांच्या माउंटसाठी टॅमरॉन, सिग्मा अशा बाहेरच्या कंपन्यांच्या भरपूर लेन्स मिळतात, जुन्या बाजारातही. निकॉननं २०१८ च्या ऑगस्टमध्ये झेड ६ आणि झेड ७ जाहीर केले, कॅनननं लगेच सप्टेंबरमध्ये ईओएस आर. पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा या तिघांनी त्याच महिन्यात एकच माउंट वापरायचा करार केला. कॅननची जुनी डीएसएलआरची लेन्स असेल तर ती अ‍ॅडॅप्टर लावून नव्या बॉडीवर छान चालते. मात्र नव्या माउंटसाठी फुल फ्रेमच्या ऑटोफोकस लेन्स बनवायला कॅनननं बाहेरच्यांना बरीच वर्षं वाट मोकळी केली नाही, त्यामुळे स्वस्त पर्याय कमी राहिले. निकॉनचाही अ‍ॅडॅप्टर चांगला, पण ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा फोकस हातानंच करावा लागतो. म्हणून आधी घरातल्या लेन्स टेबलावर मांडाव्यात, त्यांच्यावरची अक्षरं वाचावीत, मग कंपनी ठरवावी.

मिररलेस म्हणजे हलका, असं म्हणतात. बॉडी हलकी असते हे खरं. पण निकॉनची जुनी पन्नासची एफ १.८ लेन्स १८५ ग्रॅमची होती, नव्या माउंटची तशीच लेन्स ४१५ ग्रॅमची आहे. बॅगा मी उचलल्या आहेत, त्यामुळे हे अनुभवानं सांगतो.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर भाचीनंच हिशेब करून दाखवला. आपल्याकडे लग्नाचा अल्बम बारा बाय छत्तीस इंचांचा उघडतो, म्हणजे एक पान बारा बाय अठरा. इंचाला तीनशे ठिपके धरले तर पूर्ण पानभर एकच फोटो छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरून उरतो. पंचेचाळीसचा घेतला तर फाइली जवळपास दुप्पट होतात. एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले तर नवी हार्ड डिस्क लागते, पुढे नवा कॉम्प्युटरही लागतो. कर्ज कॅमेऱ्याचं काढायचं आणि फेडायचं कॉम्प्युटरचं, अशी गत होते.

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसली. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांची सोय हवीच. दोन वर्षांपूर्वी तिचं एक कार्ड बिघडलं आणि वलीम्याचे सगळे फोटो गेले. तिनं पैसे परत केले. मुलीची आई एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्याचं ओझं अजून तिच्या मनावर आहे. फुल फ्रेमच्या पहिल्या फळीतल्या काही कॅमेऱ्यांत, २०१८ च्या झेड ६ मध्ये आणि ईओएस आर मध्ये, एकाच कार्डाची जागा होती. २०२० च्या झेड ६ टू आणि आर ६ मध्ये दोन आल्या. सोनीच्या २०१८ च्या ए ७ थ्रीमध्ये त्या आधीपासून होत्या. हौशी माणसाला एक कार्ड चालेल. दुसऱ्याच्या घरचं लग्न ज्याच्या हातात आहे, त्याला चालणार नाही.

मग आम्ही कर्जाकडे वळलो. नव्या फुल फ्रेम बॉड्या दीड ते अडीच लाखांच्या घरात. त्याच कंपनीची एफ २.८ ची चांगली झूम लेन्स घ्यायची तर जवळपास तेवढेच पैसे पुन्हा. चार लाख असे संपतात. शेकडा बारा व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सव्वातेरा हजारांवर जातो. आता लग्नं कधी असतात ते बघा. रमजानमध्ये आमच्याकडे नाहीत, मुहर्रममध्ये नाहीत. चातुर्मासात हिंदूंकडे नाहीत. सोयाबीनला भाव नसला तर लोक अल्बमची पानं कमी करतात. लग्नं पाच-सहा महिन्यांची आणि हप्ता बारा महिन्यांचा. मी हे कागदावर मांडलं तेव्हा भाची बराच वेळ गप्प होती.

मग तिनं जे विचारलं, त्याचा कॅमेऱ्याच्या किमतीशी काही संबंध नव्हता. ती म्हणाली, "मामू, नानीचा फोटो का नाही?"

नानी म्हणजे माझी आई. २००३ साली ती गेली. तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. शेषनसाहेबांच्या काळात ती ओळखपत्रं निघाली, तेव्हा शाळेत रांग लागली होती. आईनं अर्ध्या मिनिटासाठी नकाब वर केला आणि एका अनोळखी माणसानं बटण दाबलं. माझ्या लग्नात फोटोग्राफर होता. वडिलांचे फोटो आहेत, काकांचे आहेत, आचाऱ्याचाही आहे. आई आत होती.

मी तिला लाला दीनदयाळांची गोष्ट सांगितली. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे हे दरबारी छायाचित्रकार, निजामांनी त्यांना राजा हा किताब दिला. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तिथं फोटो काढणारी एक इंग्रज बाई होती. मोठ्या घरच्या स्त्रियांचे चेहरे त्यामुळे काचेवर उतरले. तो स्टुडिओ राजधानीत होता. नांदेड-लातूरच्या गल्ल्यांतल्या बायकांपर्यंत तो कुठून पोहोचणार? त्यांच्यापर्यंत पोहोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि जी पोहोचली ती माझ्यासमोर कर्जाचा फॉर्म घेऊन बसली होती.

या बायका तिच्यासमोर चेहरा उघडा ठेवतात, तो कॅमेऱ्याकडे बघून ठेवत नाहीत, तिच्याकडे बघून ठेवतात. नव्या कॅमेऱ्यांत वायफाय असतं, फोटो मोबाइलवर क्षणात जातो. ती कामाच्या वेळी वायफाय बंद ठेवते. अल्बम छापून झाला की बायकांच्या बैठकीचे फोटो नवरीच्या आईच्या हातात देते आणि स्वतःकडचे तिच्यासमोर पुसून टाकते. कोणत्याही माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं, पण तिचा धंदा त्यावरच चालतो.

शेवटी काय घेतलं? नवा नाही घेतला. एका ओळखीच्या स्टुडिओकडून आधीच्या पिढीचा, चोवीस मेगापिक्सेलचा, दोन कार्डांचा फुल फ्रेम मिररलेस घेतला. त्याचं शटर किती वेळा पडलंय तो आकडा बघितला, सेन्सरवर ओरखडा नाही ना हे पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तपासलं, मूळ बिल मागून घेतलं. झूम लेन्स पुढे ढकलली. पस्तीसची एफ १.८ ची एकच नवी लेन्स घेतली. छोट्या खोलीत आता नवरी आणि बहीण दोघी मावतात. पन्नासची जुनी लेन्स अ‍ॅडॅप्टरवर चालते. जुना डीएसएलआर विकला नाही, दिवसाच्या कामाला आणि अडीअडचणीला ठेवला. कर्ज चार लाखांवरून दोन लाखांवर आलं, हप्ता साडेसहा हजारांच्या थोडा वर. फॉर्मवर मी सही केली. कंपनी कोणती ते विचारू नका. तुमची खोली, तुमचे दिवे आणि तुमच्या घरातल्या लेन्स वेगळ्या असतील.

कॅमेरा आल्यावर तिनं पहिला फोटो आईच्या ओळखपत्राचाच काढला. खिडकीजवळ तिपाई लावून, सगळ्या काळजीनं. मोठ्या पडद्यावर आम्ही तो बघितला. प्लॅस्टिकवरचा एकेक ओरखडा स्पष्ट आला होता. कडेला उचकटलेलं लॅमिनेशन दिसत होतं. आईचा चेहरा होता तेवढाच होता, डाव्या डोळ्याच्या जागी एक करडा ठिपका. जे तेव्हा टिपलंच गेलं नाही, ते आता कुठल्याच सेन्सरला मिळणार नव्हतं.

तेव्हा श्रोते हो, कॅमेरा जरूर बदला, पण सावकाश, हिशेब करून. आणि घरात ज्या माणसाचा धड एक फोटो नाही, आई असेल, आत्या असेल, शेतावरचा म्हातारा गडी असेल, त्यांना विचारून, त्यांना खिडकीजवळ बसवून आज संध्याकाळी हातातल्या मोबाइलवरच त्यांचा फोटो काढा. नव्या कॅमेऱ्याची वाट बघू नका.